खोक्याच्या आतलं नाव

"तुम्ही ही भरून घेऊच नका, शंकरराव. पैसे माझ्याकडे येतील अन् शाई तुमच्याकडे वाळेल."

धम्मदीनानं शंकररावांची रंगीत शाईची कार्ट्रिज उजेडात धरून पाहिली आणि काउंटरवरून त्यांच्याकडे परत सरकवली. शंकरराव चिडले. निवृत्त माणूस दहा वाजता घरातून निघतो तो काहीतरी काम उरकूनच परतायच्या निश्चयानं, आणि इथं ही बाई कामच नाकारत होती.

"मग काय, ओरिजिनल घेऊ? अहो, दोन ओरिजिनलच्या किमतीत नवा प्रिंटर येतो!"

"महिन्याला पानं किती काढता?"

"दोन. फार तर तीन. लाइटचं बिल, अन् नातीला शाळेचं काही लागलं तर."

"मग कार्ट्रिजचं तोंड सुकणारच. मी भरलेली लवकर सुकेल, ओरिजिनल जरा उशिरा सुकेल. त्यापेक्षा समोर झेरॉक्सवाल्याकडे जा, दोन पानं काढा, घरी जा."

"आणि ती कम्पॅटिबल का काय म्हणतात ती?"

"ती दुसऱ्या कंपनीची, पण नवी. वाईट नसते हो. कोचिंगवाल्यांना मी तीच देते, त्यांची रोजची हजार पानं निघतात. पण तुमचा प्रिंटर हट्टी आहे, तो तिला ओळखणार नाही. मग तुम्ही मला दिवसातून चारदा फोन लावाल."

"म्हणजे मी प्रिंटर फेकून देऊ?"

"असं मी कुठं म्हटलं? झाकून ठेवा. छान दिसतो."

धंदा करायची ही रीत नव्हे, हे धम्मदीनाला इंदूरच्या पलासिया भागातल्या निम्म्या दुकानदारांनी सांगून झालं होतं. अकरा वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये प्रिंटर दुरुस्त केल्यावर तिनं या व्यापारी इमारतीच्या तळघरात, जिन्याखाली, स्वतःचं काउंटर टाकलं त्याला आता नऊ वर्षं झाली होती. एक टेबल, एक दिवा, एक शाईची पावडर ओढून घेणारं यंत्र आणि भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या कार्ट्रिजची चळत. एवढ्यावर ती महूहून रोज यायची, आई आनंदीचं औषधपाणी सांभाळायची आणि कुणाच्या बापाला घाबरायची नाही.

तिची एक सवय मात्र साऱ्या इमारतीत चेष्टेचा विषय होती. भरलेल्या प्रत्येक कार्ट्रिजवर ती पांढऱ्या ऑइलपेंटनं आपलं नाव, तारीख आणि ती कितव्यांदा भरली तो आकडा लिहायची. तिसऱ्यांदा भरली की आकड्यापुढं लिहायची, 'बस'. म्हणजे यापुढं हिच्यात जीव नाही, नवी घ्या. ही सवय घरातून आलेली होती. तिचे आजोबा कचरू महूच्या पलटणीत होते. पलटणीत माणसाच्या ट्रंकेवर, ताटावर, मगावर, घोंगडीवर त्याचं नाव आणि नंबर असायचाच. निवृत्तीनंतरही आजोबांचा हात थांबला नाही. घरातली बादली, पाट, नातवंडांच्या पाट्या, सगळ्यांवर पांढऱ्या रंगात नावं चढली. ज्या वस्तूवर नाव नाही ती एकतर चोरीची, नाहीतर लाज वाटण्याजोगी, असं त्यांचं साधं गणित होतं. धम्मदीना तेच गणित शिकली. प्रिंटर उघडून आत एका बाईचं नाव दिसलं की गिऱ्हाइकं हसायची. हसू देत, ती म्हणायची, पावडर सांडली तर कुणाला शिव्या घालायच्या ते तरी कळेल.

शंकरराव अजून तिथंच घुटमळत होते, तेवढ्यात सुहासिनी जिना उतरून आली. सुहासिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमधली रिसेप्शनची मुलगी. लॅब धम्मदीनाची जुनी गिऱ्हाईक होती. वर्षभरापूर्वी त्यांनी 'आता फक्त ओरिजिनल' असं ठरवलं आणि रिपोर्ट छापणाऱ्या मोठ्या प्रिंटरचं काम तिच्या हातून गेलं. पावत्या छापणारे दोन छोटे प्रिंटर तेवढे अजून तिच्याकडे होते.

सुहासिनीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कार्ट्रिज काढून काउंटरवर आपटली. काळी पावडर उडाली, शंकररावांच्या शुभ्र सदऱ्यावर बसली.

"दीदी, हे काय करून ठेवलंय तुमी? त्या अंकलना काय झालं माहितीये?"

झालं ते असं होतं. सकाळपासून रिपोर्टच्या प्रत्येक पानावर एकाच जागी एक काळा ठिपका उमटत होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांची साखर होती दोनशे बारा. ठिपका नेमका शेवटच्या दोन आकड्यांच्या मध्ये बसला आणि ती झाली एकवीस पॉइंट दोन. घरच्यांनी गूगल पाहिलं, घाबरले, आणि साखर उतरून माणूस जाईल म्हणून त्यांना कोपऱ्यावरच्या पोहे-जिलबीच्या ठेल्यावर उभं करून पाव किलो जिलबी खायला लावली. आता ते डॉक्टरांकडे निजून होते, आणि त्यांचा मुलगा लॅबमध्ये बसून मॅनेजरच्या नावानं ओरडत होता.

"बरे आहेत ना ते?" धम्मदीनानं आधी विचारलं.

"बरे आहेत. साखर चढलीये, उतरेल म्हणतात. पण दीदी, ही तुमचीच आहे ना? लेबल निघालं अन् खाली हे निघालं." सुहासिनीनं कार्ट्रिज उलटी केली.

चकचकीत लेबलचा अर्धा भाग सुटून लोंबत होता. त्याच्याखाली पांढऱ्या अक्षरात धम्मदीनाचं नाव होतं. पुढं दीड वर्षापूर्वीची तारीख. पुढं तीनचा आकडा. आणि 'बस'.

स्वतःच्या अक्षराची इतकी लाज धम्मदीनाला कधी वाटली नव्हती.

"ही तुझ्याकडे आली कुठून?"

"खोक्यातून. पॅक होतं, ओरिजिनल. वरच्या यश भियांच्या दुकानातून येतात ना आता सगळ्या." सुहासिनी थोडी अडखळली. "सर म्हणतात, तुमीच त्यांना भरून देता अन् ते खोक्यात घालतात. मला पण तेच वाटलं. नाव तुमचं आहे ना."

धम्मदीनाला सगळं कळून चुकलं होतं. 'बस' लिहिलेल्या कार्ट्रिज ती महिन्या-दोन महिन्यांनी अटालेवाल्याला द्यायची. तो भंगार म्हणून न्यायचा. धंद्यातले लोक म्हणायचे, देण्याआधी फोडून दे. तिला फोडवत नसे. तीनदा हातानं खोलून, पुसून, भरून ज्यांना चालतं केलं त्यांच्यावर हातोडा कसा घालायचा? शिवाय स्वच्छ अक्षरात 'बस' लिहिलेलं आहे, तर पुन्हा कोण भरेल, असं तिला वाटायचं. आपण लिहिलं म्हणजे जग वाचेल, हा तिचा भाबडेपणा. अटालेवाल्यानं त्या वरच्या दुकानदाराला, यशवर्धनला विकल्या, त्याच्या माणसांनी त्यांवर लेबल डकवलं आणि लॅबनं ओरिजिनलचा भाव मोजून तिचं टाकाऊ काम विकत घेतलं.

यशवर्धनला बोलवावं लागलं नाही. वर रस्त्यावर तोंड असलेलं मोठं दुकान त्याचं, आणि जिन्याखालची ही जागाही त्याच्याच नावावर. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो हसतमुखानं खाली आला, हातात एक टाइप केलेला कागद.

"दीदी, टेन्शन नका घेऊ. मामला सेट करून आलोय. लॅबच्या मानस सरांशी बोलणं झालं माझं. त्यांना त्या अंकलच्या मुलाला दाखवायला फक्त एक कागद पाहिजे. तुमी सही करा, विषय खतम."

धम्मदीनानं कागद वाचला. मी भरून दिलेली कार्ट्रिज चुकून लॅबच्या प्रिंटरमध्ये बसवली गेली, त्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे, असा मजकूर होता. खाली तिचं नाव टाइप करून तयार होतं.

"ही मी भरलेली नाही."

"नाव तर तुमचंच आहे ना?"

"नाव माझं आहे. भरलेली मी नाही."

यशवर्धननं सुहासिनीकडे आणि शंकररावांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बघा दीदी, तुमच्यावर कोण केस करणार? एकटी बाई, जिन्याखाली बसते. सोडून देतील. माझ्यावर आलं तर दुकान जाईल, सात जणांच्या नोकऱ्या जातील. अन् माझ्या दुकानाच्या शेजारचा तो पुढचा गाळा रिकामा होतोय ना? तो तुमचा. भाडं हेच. नऊ वर्षं झाली तुमी म्हणताय, रस्त्यावर तोंड पाहिजे म्हणून."

ते खरं होतं. नऊ वर्षं ती त्या पुढच्या जागेकडे पाहत आली होती. तिथं ऊन येत होतं, पंखा लागला असता, गिऱ्हाइकाला जिन्याखाली वाकून यावं लागलं नसतं. पंचेचाळिशी उलटल्यावर कंबर दुखते तेव्हा माणूस तत्त्वांपेक्षा खुर्चीचा जास्त विचार करतो. धम्मदीनानंही केला. खोटं कशाला सांगा, तिनं कागद दोनदा वाचला.

"बाई, सही करू नका," शंकरराव एकदम बोलले. "चाळीस वर्षं अकाउंट्सच्या ऑफिसात काढली मी. 'विषय खतम' म्हणून जिथं सही घेतात ना, विषय तिथूनच सुरू होतो."

"अंकल, तुमी मधे नका बोलू ना."

"मी मधेच उभा आहे. सदरा काळा झालाय माझा."

धम्मदीनानं कागदाची नीट घडी केली आणि यशवर्धनच्या खिशात स्वतःच्या हातानं घातली. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, ती कार्ट्रिज उचलली आणि सुहासिनीला म्हणाली, "चल."

लॅबमध्ये पंधरा-वीस माणसं बसली होती. मॅनेजर मानस सरांनी तिला पाहताच केबिनचं दार उघडलं. "या, आत या. आपण आत बोलू."

"इथंच बोलते सर. माझं नाव इथंच घेतलं ना तुम्ही?"

तिनं रिसेप्शनच्या काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं. पिशवीतून पक्कड काढली. म्हाताऱ्यांचा मुलगा, चाळिशीचा तापट माणूस, उठून उभा राहिला. "तो ये हैं वो मॅडम?"

"हां भिया, मैं ही हूं. मेरा नाम इसपे लिखा है. अब देखो इसमें क्या है," ती म्हणाली आणि कामाला लागली.

दोन्ही बाजूंच्या पिना तिनं ओढून काढल्या आणि कार्ट्रिज मधून उघडली. बसलेली माणसं माना उंच करून पाहू लागली. तिनं एकेक गोष्ट बोटानं दाखवली. वापरलेली पावडर जिथं जमा होते तो कप्पा गच्च भरला होता. दर वेळी तो रिकामा करावा लागतो, तो केलाच नव्हता. ड्रमवर खिळ्यानं ओरखडल्यासारखी खूण होती. ड्रम फिरला की तीच खूण पानावर ठिपका होऊन उतरत होती. आणि एका अंगाला तापलेल्या लोखंडानं पाडलेलं, कडा वितळलेलं एक भोक होतं, वर चिकटपट्टी.

"हे भोक पाडून भरणं. पाच मिनिटांचं काम. मी खोलून भरते, मला चाळीस मिनिटं लागतात. वीस वर्षांत मी एकीलाही भोक पाडलेलं नाही, कुणालाही विचारा. ही तारीख बघा, दीड वर्षापूर्वीची. हा तीनचा आकडा. हे 'बस'. मी हिला संपली म्हणून लिहून मोडीत दिली होती."

"ते ठीक आहे," मानस सर म्हणाले, "पण ही आमच्याकडे आली कशी, याचा काही पुरावा..."

"खोकं कुठाय?"

"खोकी आम्ही ठेवत नाही."

"मी ठेवलंय," सुहासिनी म्हणाली.

मानस सरांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरी कुणी असती तर खोकं हरवलं असतं. सुहासिनीनं पाहिलं न पाहिल्यासारखं करून काउंटरखालून खोकं काढलं. वर ओरिजिनल असं छापलेलं, चमकणारा शिक्का, आणि आत यशवर्धनच्या दुकानाचं बिल. तिनं ते वर्तमानपत्रावर, उघड्या कार्ट्रिजशेजारी ठेवलं.

म्हाताऱ्यांच्या मुलानं बिल उचलून वाचलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मग धम्मदीनाला विचारलं, "म्हणजे तुमची काहीच चूक नाही?" आता तो मराठीत बोलत होता.

सुटका एका शब्दावर उभी होती. पण तिला तो शब्द तोंडातून काढवेना.

"आहे. मी ही न फोडता विकली. फोडली असती तर कुणी भरली नसती. तुमच्या बाबांना त्रास झाला त्यात माझा तेवढा हिस्सा आहे, त्याची माफी मागते. पण कागदावर लिहिलाय तो हिस्सा माझा नाही, त्यावर सही करणार नाही."

बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "आपले रिपोर्ट पण परत काढून घेऊ ना गं," आणि एकदम सगळेच उठून काउंटरपाशी आले.

त्या गडबडीत मानस सरांनी धम्मदीनाला बाजूला घेतलं. "तुम्ही योग्य असाल. पण मॅनेजमेंटला आता रिफिल हा शब्द ऐकायला नको आहे. ते दोन छोटे प्रिंटरसुद्धा..."

"काढून घ्या," ती म्हणाली. "पण सर, एक सांगते. फुकट सांगते. रिपोर्टला ओरिजिनलच घ्या, कंपनीच्या माणसाकडून घ्या. माणसाच्या तब्येतीचा कागद आहे तो. पेशंटच्या नंबराच्या टोकनला कम्पॅटिबल चालेल. अन् पावत्यांना रिफिलच पुरे आहे, माझ्याकडून नको तर दुसऱ्याकडून घ्या. रिफिल म्हणजे चोरी नाही. रिफिलला ओरिजिनल म्हणणं ही चोरी आहे, अन् ती तुम्हाला वर्षभर दिसली नाही असं मी मानणार नाही."

ती निघाली.

तळघरात परतली तेव्हा जिन्याखालचा दिवा बंद होता. वायर वरूनच कापली होती. यशवर्धनचा माणूस सांगून गेला, की संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करा.

तिला रडू आलं. अंधारात टेबलाला टेकून ती चांगली पाच मिनिटं रडली, कारण नऊ वर्षं ही काही थोडी नव्हेत, आणि महूला आईपुढं रडायचं नव्हतं. मग तिनं तोंड पुसलं. यंत्र आणि पावडरचे डबे शंकररावांनी आणलेल्या रिक्षात चढवले. "माझ्या घरी एक खोली आहे खाली," ते म्हणाले होते, "प्रिंटर झाकून ठेवलेली. तुमचं ठरेपर्यंत सामान राहू दे." त्यावर ती हसली होती, त्या दिवसात पहिल्यांदा.

भिंतीशी 'बस' लिहिलेल्या कार्ट्रिजची चळत तेवढी राहिली.

पाच वाजता नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत आली आणि वरच्या दुकानांपुढं उभी राहिली. धम्मदीना एकेक टोपली भरून त्या सगळ्या वर घेऊन आली, यशवर्धनच्या काचेच्या दारासमोर फुटपाथवर गोणपाट अंथरलं आणि हातोडी घेतली.

पहिलीवर घाव घालताना हात अडला. मग पडला. प्लॅस्टिक चिरलं, ड्रमची नळी वाकली. दुसरी. तिसरी. ट्रॅफिकच्या आवाजातही ते ठोके ऐकू जात होते. दुकानातली गिऱ्हाइकं काचेतून पाहू लागली. एकानं हातातलं खोकं उलटंसुलटं केलं आणि दुकानदाराला काहीतरी विचारलं.

यशवर्धन बाहेर आला. "दीदी, ये क्या नाटक आहे? गार्ड! हटव यांना."

गार्डनं गोणपाट पाहिलं, गाडी पाहिली. "साब, कचरा तो नहीं कर रही. गाडी में ही डाल रही है, अलग वाले डिब्बे में."

आसपासचे दोघं-तिघं हसले. स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या इंदुरात गाडीत नीट वेगळा करून टाकलेल्या कचऱ्याला हरकत घ्यायची कुणाची छाती नव्हती.

यशवर्धन तिच्याजवळ वाकला. "एका सहीनं हा गाळा तुमचा झाला असता."

"तुमी पण एकच शब्द लिहा ना, भिया," ती हातोडी न थांबवता म्हणाली. "खोक्यावर. रिफिल. मग बघा, मीच तुमच्याकडे कामाला येते."

तो आत निघून गेला.

शेवटची फोडून झाली तेव्हा तिनं गोणपाटाची चारी टोकं धरली आणि सगळा चुरा गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या कप्प्यात रिकामा केला. कडेला उडालेले तुकडे वाकून वेचले, तेही टाकले. फुटपाथ होता तसा स्वच्छ झाला. गाडी गाणं म्हणत पुढच्या दुकानांकडे गेली.

तिनं हात झटकले. काळं निघालं नाही. कोपरापर्यंत चढलं होतं ते. स्टॉपवर ऑफिसं सुटलेल्यांची गर्दी होती. तिच्याकडे पाहून दोघीजणी पदर सावरून बाजूला झाल्या. लांबून बस येताना दिसली. संध्याकाळच्या वेळी भरलेल्या बस इथं बऱ्याचदा थांबत नाहीत. धम्मदीना गर्दीच्या पुढं रस्त्यावर उतरली आणि तो काळा हात तिनं सरळ, ड्रायव्हरला दिसेल असा उंच धरला.

बस थांबली.